‘मना काय नाय झाला!’ : स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला स्वतःचा आजार का कळत नाही? आणि हे ‘न कळणे’ डॉक्टर मोजतात कसे?

धाकटी डहाणूतल्या माझ्या आजोळी गेल्या वर्षभरात तीन पातेली करपली. तिसरे करपले तेव्हा मी तिथेच होतो. गॅस चालू, भाताचा कोळसा, घरभर धूर. आणि आजी ओटीवर शांतपणे सुके बोंबील निवडत बसलेली. ‘‘आजी, भात लागला,’’ म्हटल्यावर मान वर न करता म्हणाली, ‘‘मामीनं ठेवला असंल.’’ मामी त्या वेळी डहाणूच्या बाजारात होती.

मी इंजिनीअरिंग शिकलेला. बिघाड झाला की पुरावा काढायचा, लॉग तपासायचा, हीच सवय. मी करपलेल्या पातेल्याचा व्हिडीओ काढला आणि दुसऱ्या दिवशी आजीसमोर फोन धरला. वाटले, आता तरी तिला पटेल. तिने फोन हातात घेऊन नीट पाहिला आणि विचारले, ‘‘कोणाच्या घरचं हे?’’ मी समजावत राहिलो, तशी ती भडकली. ‘‘मना काय नाय झाला! तुम्हीच मना येडी ठरवायला निघालेत.’’ त्या रात्री ती जेवली नाही.

त्याआधी मामी तिला एका दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथला संवाद मामीच्या तोंडून ऐकला. ‘‘आजी, काय त्रास?’’ ‘‘काय नाय.’’ ‘‘विसरायला होतं का?’’ ‘‘या वयात थोडं होणारच की.’’ डॉक्टर हसले, टॉनिक लिहून दिले. पाच मिनिटांत काम संपले. आजी परत येताना म्हणाली, ‘‘बघ, डाक्टरपण बोलला, मी ठणठणीत आहे.’’

हा लेख या ‘काय नाय’बद्दल आहे. कारण स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत हे उत्तर खोटे नसते, हट्टही नसतो. त्यांना खरोखर तसेच वाटत असते. वैद्यकशास्त्रात याला नाव आहे, ते मोजण्याच्या पद्धती आहेत आणि ते मोजले न गेल्यास काय होते, हे वरच्या पाच मिनिटांत दिसलेच.

*‘अ‍ॅनोसोग्नोसिया’ म्हणजे काय?*

शब्द जिभेला जड आहे, अर्थ सोपा. ग्रीक भाषेतल्या ‘नाही’, ‘रोग’ आणि ‘ज्ञान’ या तीन तुकड्यांपासून तो बनला. रोगाचे ज्ञान नसणे. फ्रान्समधील मेंदूविकारतज्ज्ञ जोसेफ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये तो पहिल्यांदा वापरला, तोही स्मृतिभ्रंशासाठी नव्हे. त्यांच्याकडे असे रुग्ण होते, ज्यांचे डावे अंग लुळे पडले होते आणि तरीही ‘हात उचला’ म्हटल्यावर ‘उचलला की’ असे ते सांगत. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की असे होऊ शकते. हात गेला तो गेला. पण हात गेल्याची वर्दी देणारी यंत्रणाही त्याच्यासोबत गेली.

पुढे हाच शब्द अल्झायमर आणि इतर प्रकारच्या स्मृतिभ्रंशासाठी वापरला जाऊ लागला. यात आणि ‘नाकारण्यात’ फरक आहे. एखाद्याला कर्करोगाचे निदान झाले आणि तो म्हणाला, ‘रिपोर्ट चुकीचा असेल’, तर ते मनाने स्वतःला वाचवणे असते. आत कुठे तरी त्याला माहीत असते. अ‍ॅनोसोग्नोसियात आत माहीतच नसते. अर्थात प्रत्यक्षात दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि घरच्यांना ते वेगळे करणे जवळपास अशक्य असते.

सगळ्याच रुग्णांना हे होते असे नाही. अल्झायमर आजाराला ज्यांच्यामुळे नाव मिळाले, त्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांची पहिली रुग्ण ऑगस्ट डेटर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा ५१ वर्षांची होती. स्वतःचे नाव लिहिता येईना, तेव्हा ‘मी स्वतःलाच हरवून बसले आहे’ अशा अर्थाचे ती बोलल्याची नोंद आहे. म्हणजे इतक्या बिघाडातही तिला काही तरी कळत होते. उलट टोकाला कपाळामागच्या भागापासून सुरू होणारा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. त्यात स्वतःतला बदल न कळणे हे अगदी सुरुवातीचे लक्षण असू शकते. माणूस लग्नाच्या पंगतीत वाटेल ते बोलतो आणि सगळे का गप्प झाले, हे त्याला कळत नाही.

*मेंदूत नेमके काय बिघडते?*

माझ्यासारख्यांना समजेल अशा भाषेत सांगायचे तर, आजीच्या मेंदूत स्वतःबद्दलची एक जुनी प्रत साठवलेली आहे. ती प्रत म्हणते : मी चाळीस वर्षे मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात गेले, वाटे लावले, गिऱ्हाइकाशी घासाघीस केली, एक रुपया कधी चुकला नाही. ही माहिती खरीच होती. निरोगी माणसात ती रोज थोडी थोडी दुरुस्त होत राहते. चूक झाली की मेंदू ती पकडतो, लक्षात ठेवतो आणि ‘आजकाल माझ्याकडून हिशोब चुकतो’ अशी नोंद करतो. स्मृतिभ्रंशात ही नोंदच होत नाही. पान रिफ्रेश होत नाही, जुनेच दिसत राहते. डॅनियल मोग्राबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याच अवस्थेसाठी ‘थिजलेला स्व’ अशा अर्थाची संज्ञा वापरली.

बिघाड एकाच जागी नसतो, हे इथे महत्त्वाचे. कधी चूक घडताना कळते, पण थोड्या वेळाने ती चूक झाल्याचेच आठवत नाही. हा स्मरणाचा दोष. कधी चूक घडतानाच पकडली जात नाही. अपेक्षित काय होते आणि झाले काय, यांची तुलना करणारा भाग, त्यात कपाळामागच्या मेंदूचा मोठा वाटा, नीट काम करत नाही. म्हणूनच माझा व्हिडीओ निकामी ठरला. मला वाटत होते पुरावा कमी पडतोय. प्रत्यक्षात पुरावा तपासणारी जागाच बंद होती.

आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. आजीला गुडघे दुखतात हे कळते, मोतीबिंदूमुळे धूसर दिसते हे कळते, त्याबद्दल ती दिवसभर बोलते. फक्त विसरणे कळत नाही. जाण ही दिव्याच्या बटणासारखी चालू-बंद नसते. ‘कशाची जाण?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी वेगळा विचारावा लागतो.

शिवाय तोंडाने ‘काय नाय’ म्हणणारी आजी गेल्या वर्षापासून एकटी बाजारात जात नाही. कारण विचारले तर गुडघे. पण पैसे मोजायची वेळ आली की ती नोटा मामीच्या हातात देते, ‘‘तूच मोज, मना चष्मा नाय.’’ चष्मा नाकावर असतो. संशोधनातही हे दिसले आहे, की परीक्षेत आपण चुकतोय हे रुग्णाला सांगता येत नाही, पण चुकत असताना त्याचा चेहरा उतरतो. शब्दांत नसलेली जाण वागण्यात शिल्लक असते.

*हे मोजायचे कसे?*

ढोबळमानाने तीन वाटा आहेत आणि तिन्ही थोड्या वाकड्या आहेत.

पहिली, डॉक्टरांचा अंदाज. रुग्णाशी बोलायचे, ‘तुम्हाला इथे का आणले?’ असे विचारायचे, घरच्यांशी बोलायचे आणि जाण पूर्ण, अर्धवट की नाही असा शेरा द्यायचा. वेळ कमी असलेल्या ओपीडीत हेच शक्य असते. पण दोन डॉक्टरांचे शेरे वेगळे येऊ शकतात आणि गप्पिष्ट, हसतमुख रुग्ण सहज ‘पास’ होतो. चाळीस वर्षे गिऱ्हाइके सांभाळलेली बाई तर नक्कीच होते.

दुसरी वाट सर्वांत जास्त वापरली जाते : तफावत. तोच प्रश्न रुग्णाला आणि तोच घरच्या माणसाला विचारायचा आणि उत्तरांतला फरक काढायचा. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘एक्यू-डी’ ही प्रश्नावली या पद्धतीची सर्वपरिचित. त्यात ३० प्रश्न आहेत. तारखा लक्षात राहतात का, वस्तू जागेवर ठेवता येतात का, हिशोब जमतो का, पूर्वीपेक्षा चिडचिड वाढली का. प्रत्येकाला ० ते ३ गुण. घरच्यांनी दिलेले गुण रुग्णाने स्वतःला दिलेल्या गुणांपेक्षा जितके जास्त, तितकी जाण कमी.

कागदावर हे स्वच्छ दिसते. अडचण अशी, की या गणितात घरच्या माणसाचे उत्तर म्हणजे ‘सत्य’ असे धरले आहे. पुढे मुंबईतल्या एका रुग्णालयात आजीची तपासणी झाली तेव्हा अशाच प्रश्नांची उत्तरे मामा, मामी आणि माझ्या आईने वेगवेगळी दिली. तिघांच्या उत्तरांचा तक्ता मी फोनवर केला (सवय जात नाही). मामीच्या मते जवळपास सगळ्यातच त्रास. मामा दिवस-दिवस बोटीवर असतो. त्याच्या मते ‘थोडंफार विसरते’. आणि लग्न होऊन बोईसरला गेलेली माझी आई, जिच्याशी आजी रोज संध्याकाळी फोनवर दहा मिनिटे छान बोलते, तिच्या मते आईला काहीही झालेले नाही. एकच आजी, तीन निकाल. तिघांपैकी खोटे कोणीही बोलत नव्हते. चोवीस तास सोबत राहणारा माणूस थकलेला असतो आणि थकव्याने गुण वाढू शकतात, हेही अभ्यासकांना माहीत आहे. तरीही माझे मत विचाराल तर, रात्री दोन वाजता जो उठून दाराची कडी बघतो, त्याचे उत्तर आधी ऐकावे.

तिसरी वाट मला सर्वांत प्रामाणिक वाटली, कारण तिच्यात घरच्यांची गरजच नाही. रुग्णाला आधी विचारायचे, ‘मी दहा शब्द सांगणार आहे, त्यातले किती आठवतील?’ मग चाचणी घ्यायची. मग पुन्हा विचारायचे, ‘किती आठवले असतील?’ अंदाज आणि कामगिरी यांतली दरी म्हणजे जाणिवेची कमतरता. आजीचा अंदाज होता, दहाच्या दहा. आठवले तीन. त्यानंतर किती सांगितले असे विचारल्यावर उत्तर, ‘‘सगळे सांगितले की.’’ त्या खोलीत तिच्या शेजारी बसून हे ऐकताना माझ्या डोक्यातून ‘हट्टी’ हा शब्द पहिल्यांदा गेला.

अर्थात या पद्धतीतही खोट आहे. निरोगी माणसेही स्वतःच्या स्मरणशक्तीबद्दल बढाया मारतात. आणि दहा शब्दांची यादी म्हणजे आयुष्य नव्हे. त्यामुळे अल्झायमरच्या रुग्णांपैकी किती जणांना हा त्रास असतो, याची उत्तरे पद्धतीनुसार साधारण २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत बदलतात.

*हे प्रश्न धाकटी डहाणूत विचारायचे तर?*

डहाणूच्या खाडीच्या दक्षिणेला वसलेले हे मच्छीमारांचे गाव. बोंबील, डोल जाळी, वलांडीवर वाळणारी मासळी. आजीच्या पिढीतल्या अनेक बायका शाळेत गेल्या नाहीत. घरात बोलली जाणारी मांगेली आणि तपासणीच्या खोलीतली पुस्तकी मराठी यांतही अंतर आहे. तलासरीकडे गेलात तर वारली बोलणाऱ्या आजीला हे अंतर आणखी मोठे पडेल. आता ‘एक्यू-डी’मधला एक प्रश्न पाहा : सही करताना अडचण येते का? आयुष्यभर अंगठा उठवणाऱ्या बाईने काय उत्तर द्यावे? दुसरा : सिनेमाची गोष्ट समजते का? वर्तमानपत्र वाचता येते का? आधीही येत नव्हते, आताही येत नाही. मग फरक कुठे शोधायचा?

हा प्रश्न भारतात नवा नाही. हरियाणातल्या बल्लभगड भागात १९९० च्या दशकात झालेल्या भारत-अमेरिका अभ्यासात संशोधकांनी हीच अडचण ओळखली. पाश्चात्त्य चाचणीत कागदावर ‘डोळे मिटा’ असे लिहिलेले वाचून तसे करायचे असते. त्यांनी निरक्षर वृद्धांसाठी ते बदलले : माझ्याकडे बघा आणि मी करतो तसेच करा. वाक्य लिहा, याऐवजी तुमच्या घराबद्दल काही सांगा. घरच्यांना विचारायचे प्रश्नही त्यांनी गावाच्या जगण्यातून घेतले. होळी-दिवाळी लक्षात राहते का, गावात वाट चुकतो का, जेवल्याचे विसरून पुन्हा जेवण मागतो का, घरातल्या लग्नकार्याबद्दल मत देतो का. शेवटचा प्रश्न मला फार आवडला. आपल्याकडे म्हातारे माणूस ‘शुद्धीवर’ आहे की नाही हे सोयरिकीच्या बैठकीत कळते, बँकेच्या फॉर्मवर नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) स्मृतिभ्रंशाच्या निदानासाठी चाचण्यांचा एक संच तयार केला, तो सुरुवातीला पाच भाषांत आला : हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. त्या पाचांत मराठी नव्हती. मराठी घरातल्या रुग्णाची जाण तपासताना अजूनही बरेचदा डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ जागेवरच प्रश्नाचा अनुवाद करतात. तो किती नेमका होतो, हे त्या दिवशी समोर कोण बसले आहे यावर ठरते.

आमच्याकडे नशिबाने चांगली बाई बसली होती. ‘आज तारीख काय?’ याला आजीने उत्तर दिले नाही. महिना, साल, काहीच नाही. मग त्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विचारले, ‘‘आज तिथी कोणती?’’ आजी लगेच म्हणाली, ‘‘अष्टमी. भांगाचं पाणी. आज कोण डोल मारायला जातंय?’’ मी फोनवर पंचांग उघडून पाहिले. अष्टमीच होती. उधाण-भरतीचे गणित तिच्या मेंदूत इतके खोल बसले आहे, की आजार तिथवर पोहोचलेला नाही. चाचणीच्या कागदावर मात्र तारखेपुढे शून्यच लागला असता.

आकडे काय सांगतात तेही पाहू. ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात जास्त. जाणिवेच्या अभावाबद्दल ‘१०/६६’ या आंतरराष्ट्रीय गटाचा अभ्यास डोळ्यांत भरतो. (जगातले ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि तिथे होणारे संशोधन १० टक्क्यांहूनही कमी, यावरून हे नाव.) लॅटिन अमेरिका, चीन आणि भारतातल्या रुग्णांना स्वतःच्या विस्मरणाची कल्पना आहे का, हे त्यांनी पाहिले. कल्पना नसलेल्यांचे प्रमाण भारतात सर्वांत जास्त निघाले : पाचांतले साधारण चार.

असे का? मला एक कारण घरातच दिसते. एकत्र कुटुंबात म्हाताऱ्या माणसाला काही करावेच लागत नाही. जेवण समोर येते, औषध हातात येते, पैशाचा व्यवहार मुलगा बघतो. चूक व्हायला संधीच नाही, तर चूक कळणार कशी? त्यात ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो, की विसरणे हा आजार असू शकतो हे रुग्णालाच नाही, घरालाही कळत नाही. जाणिवेचा अभाव फक्त आजीला होता असे मी म्हणणार नाही. वर्षभर आम्हा सगळ्यांनाच होता.

*मोजून उपयोग काय?*

या अवस्थेवर असे खास औषध नाही, मग ताप कशाला, असे मामाने विचारले होते. प्रश्न रास्त आहे.

पहिला उपयोग सुरक्षेचा. ज्याला आपण विसरतो हे कळते, तो चिठ्ठी लावतो, गजर लावतो, शेजाऱ्याला विचारतो. ज्याला कळत नाही, तो गॅस पेटवून खुशाल खाडीवर फिरायला जातो. दोघांचा स्मरणाचा गुणांक सारखा असला तरी धोका सारखा नाही. ‘गोळ्यांचा डबा करून द्या’ हा सल्ला पहिल्याला पुरतो. दुसरा गोळी घेतच नाही, कारण आजारच नाही तर गोळी कशाची?

दुसरा उपयोग रुग्णाच्या मनाचा. ज्यांना जाण आहे, विशेषतः सुरुवातीच्या काळात, त्यांच्यात खिन्नता जास्त आढळू शकते. त्यांना धीर लागतो. ज्यांना जाण नाही ते तुलनेने निवांत असतात आणि त्यांच्या वाटचा ताण घरच्यांच्या डोक्यावर येतो. तो कोणाच्या डोक्यावर येतो हे सांगायला नको. आमच्याकडे मामीच्या आला. ‘‘माझ्यावर चोरीचा आळ घेते आणि दहा मिनिटांनी चहा मागते,’’ ती म्हणाली. अहवालात ‘जाणिवेचा अभाव, तीव्र’ असे लिहिलेले वाचून दाखवले, तेव्हा मामी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘म्हणजे मुद्दाम नाय करत ती.’’ एका ओळीच्या शेऱ्याचा एवढा उपयोग मी दुसऱ्या कुठल्या रिपोर्टचा पाहिलेला नाही.

*सही, जमीन आणि ‘निर्णयक्षमता’*

वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. बुलेट ट्रेनचा मार्गही याच पालघर जिल्ह्यातून जातो. अशा जिल्ह्यात सातबाऱ्यावर नाव असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा अंगठा ही साधी गोष्ट राहत नाही. आजाराची जाण नसलेला माणूस ‘मला सगळं समजतं’ असे ठामपणे म्हणतो आणि ते ऐकणाऱ्याला सोयीचे असेल तर तेवढे पुरते.

भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम १२ इथे लागू होते. करार करताना माणसाला तो समजला पाहिजे आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा सारासार विचार करता आला पाहिजे. निकष त्या वेळचा आणि त्या व्यवहाराचा आहे. निदानाची चिठ्ठी आली म्हणून माणसाचे सगळे अधिकार संपत नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ सुद्धा उपचाराच्या निर्णयाबाबत असाच विचार करतो : माहिती समजते का, परिणाम उमगतो का, निर्णय सांगता येतो का. म्हणजे आजीला आपल्या विसरण्याची जाण नाही, म्हणून तिला कोणाकडे राहायचे हे विचारायचे नाही, असे होत नाही. आजार पुढे गेल्यावर मुलांनी उच्च न्यायालयातून पालक म्हणून नेमणूक मिळवल्याची उदाहरणे मुंबईत आहेत. पण ती शेवटची पायरी.

हे किती अवघड होते, याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण जॉर्ज फर्नांडिस यांचे. कधी काळी मुंबई बंद करणारा नेता. २००९ मध्ये प्रकृतीचे कारण देऊन पक्षाने त्यांना लोकसभेची उमेदवारी नाकारली, तेव्हा ते मुझफ्फरपूरमधून अपक्ष उभे राहिले आणि हरले. त्यांना अल्झायमर असल्याचे पुढे सर्वज्ञात झाले आणि २०१० मध्ये त्यांनी कोणाजवळ राहावे, त्यांना कोणी भेटावे, हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. त्यांना स्वतःच्या आजाराची किती जाण होती, हे बाहेरून ठरवणे चूक आहे. पण घराघरांत जे होते तेच तिथेही झाले. माणूस समोर बसलेला आणि त्याच्या वतीने बोलणारे अनेक.

*घरच्यांनी काय करायचे?*

आधी डॉक्टर. विसरणे म्हणजे स्मृतिभ्रंशच असे नाही. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, ऐकू कमी येणे, काही औषधे यांमुळेही माणूस विसरतो आणि यातले बरेच सुधारता येते. दोन-चार दिवसांत अचानक गोंधळ वाढला, तर तो संसर्ग किंवा दुसरा शारीरिक बिघाड असू शकतो. तेव्हा वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

डॉक्टरांकडे जाताना आमची पहिली चूक टाळा. आजीसमोर तिच्या चुकांची यादी वाचू नका आणि फक्त तिच्या उत्तरावर विसंबूही नका. सोबत राहणाऱ्या माणसाने कागदावर पाच-सहा ठोस प्रसंग लिहून तो आधीच आत पाठवावा : काय झाले, केव्हा झाले, पूर्वी असे होत होते का. ‘विसरते’ या शब्दापेक्षा ‘दिवाळीनंतर दोनदा गॅस चालू राहिला’ हे वाक्य डॉक्टरांच्या कामाचे. शक्य असेल तर घरच्यांनी डॉक्टरांशी पाच मिनिटे वेगळे बोलावे.

डहाणूत उपजिल्हा रुग्णालय आहे. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल आल्याने मुंबईतली मोठी रुग्णालये निदान एका गाडीच्या अंतरावर आली, तरी म्हाताऱ्या माणसाला घेऊन तो प्रवास सोपा नाही. फोनवर सल्ल्यासाठी ‘टेली मानस’चा १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी ‘एल्डरलाइन’चा १४५६७ हे दोन क्रमांक आहेत. दोन्ही मोफत.

आणि वाद घालू नका. डॉ. मोहन आगाशे यांचा ‘अस्तु’ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हत्तीमागे चालत गेलेले शास्त्री आठवत असतील. त्यांना कोणी पुराव्याने परत आणू शकले नसते. आम्ही आता पातेली दाखवत नाही. मामीने सिलिंडरचा रेग्युलेटर बंद ठेवायची सवय लावून घेतली आणि आजीला शेगडीऐवजी निवडणे-सोलणे दिले. हिशोब विचारायचा तर वाट्याचा विचारायचा, जो तिला येतो. हे खोटे वागणे आहे का, यावर मी आणि आई अजून भांडतो. आईला वाटते, आईशी कधी खोटे बोलू नये. मामी म्हणते, ‘‘ताई, तुम्ही महिनाभर येऊन राहा, मग बोलू.’’

गेल्या आठवड्यात पुन्हा तपासणीची तारीख होती. आजी सकाळपासून अडून बसली होती, ‘‘मना काय नाय झाला, मी कशाला येऊ?’’ मामीने साडी नेसली, फाईल पिशवीत घातली आणि म्हणाली, ‘‘तुम्हाला काय नाय, आई. माझा बीपी दाखवायचा आहे. मी एकटी कशी जाऊ?’’

आजीने लगेच चपला घातल्या. लोकलमध्ये सगळा वेळ फाईलची पिशवी तिने मांडीवर घट्ट धरली होती. डॉक्टरांच्या दारात नाव पुकारल्यावर मामीला पुढे करत म्हणाली, ‘‘हिला नीट बघा. ही फार विसरते हल्ली.’’